घंटावाल्याचा साक्षीदार

घंटावाल्याचा जीव वाचवला तेव्हा पियुषच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं, आणि ते पुसून व्हायच्या आत त्यानं नात्यातल्या बहिणीला, साधनाला, फोनवरूनच एका स्थळाला देऊन टाकलं. दोन्ही गोष्टी एकाच रविवारी, एकाच खुर्चीत, कूलरच्या त्याच दमट वाऱ्यात झाल्या. उत्तरा पलंगावर पाय पसरून आठवीचे नागरिकशास्त्राचे पेपर तपासत होती. नागरिकाची कर्तव्ये लिहा. सगळ्या वर्गानं एकाच गाइडातली तीच कर्तव्ये त्याच क्रमानं लिहिली होती आणि ती बरोबरची खूण करत सुटली होती. खूण करता करता तिचा हात थांबला तो पियुषच्या नाक ओढण्याच्या आवाजानं. तिला वाटलं, सर्दी झाली असेल. वर पाहिलं तर गडी रडत होता.

त्या खेळाचं नाव तिला कधी धड घेता आलं नाही. युरोपातलं कुठलंसं मध्ययुगातलं गाव, गुडघाभर चिखल, गवताची छपरं, डोंगरावर किल्ला आणि किल्ल्यात सगळ्या गावावर दात असलेला एक उमराव. पियुष त्यात सरदार होता. दिवसभर विद्यापीठात साहेबांच्या केबिनबाहेर फायली धरून उभा राहणारा पियुष संध्याकाळी घरी आला, पायमोजे काढले, की सरदार व्हायचा. उमरावाच्या कारभाऱ्यानं गावाचं धान्याचं कोठार जाळलं होतं आणि आळ घेतला होता देवळात घंटा वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्यावर. आग लावताना कारभाऱ्याला पाहिलं होतं एकट्या सरदारानं. गाव जमलं होतं, घंटावाला दोरखंडात बांधून उभा होता, आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजीत दोन ओळी होत्या. मी पाहिलं आहे. मला काही माहीत नाही. दोन्हींपैकी एक दाबायची होती. दाबली की पुढचं सगळं त्याप्रमाणे होणार होतं. साक्ष दिली तर उमराव सरदाराचा पांढरा घोडा काढून घेणार हे पियुषनं आधीच कुठंतरी वाचून ठेवलं होतं, म्हणून आठवडाभर तो त्या दोन ओळींपाशी अडून बसला होता. ती कणीक मळत असताना ओट्यापाशी येऊन विचारायचा, "तू असतीस तर काय केलं असतंस?" बाहेरच्या कुठल्याही गोष्टीत त्यानं तिला हा प्रश्न आजवर विचारला नव्हता. सासूबाईंना आपल्याकडे ठेवायचं की बापूभाऊजींकडे, हेसुद्धा नाही. पण घंटावाल्याचा प्रश्न पडला होता बिचाऱ्याला, झोप उडाली होती.

त्या रविवारी जेवण झाल्यावर त्यानं एकदाची ती ओळ दाबली. मी पाहिलं आहे. गावकऱ्यांनी दोरखंड सोडले, म्हातारा गुडघ्यावर बसून सरदाराच्या बुटांना कपाळ लावू लागला, शिपाई येऊन पांढरा घोडा घेऊन गेले. पियुष नाक ओढत म्हणाला, "घोडा गेला उत्तरा. पण माणूस वाचला." त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ अभिमान होता की तिला क्षणभर लाजच वाटली, आपल्याला हा माणूस कळला नाही की काय. वा रे सरदार, असं ती मनात म्हणाली खरी, पण प्रेमानं म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला.

पाथरीचे चंद्रभानकाका होते, पियुषच्या वडिलांचे मावसभाऊ. जन्मभर मास्तरकी करून निवृत्त झालेले, सरळ माणूस. पियुषनं खेळ थांबवला, फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. काकांनी ऊन विचारलं, पाणी विचारलं, मग म्हणाले, "बेटा, आपल्या साधनाला स्थळ आलंय. तुमच्या तिथल्या रामकिशनरावांचं. पोरगा हरिओम. सूनबाई त्यांच्याच शाळेत हायत म्हणून तुला इचारायलोय. उद्या सकाळी सुपारी फोडायला यायलेत ते. माणसं कशी हायत?"

उत्तराची पेन्सिल हातातच राहिली. पियुष पडद्याकडे पाहत होता. पडद्यावर सरदार पायी उभा होता.

"चांगली आहेत की काका."

"आन पोरगा?"

"एक नंबर पोरगा आहे. डोळे झाकून द्या."

पलीकडे काका जरा थांबले. घसा खाकरला. "तुजी खात्री हाय म्हण की मग."

"हाव काका. बिनधास्त द्या."

"बरं," काका म्हणाले. मग पुन्हा एकदा, हळू, "बरं," आणि फोन ठेवला. पियुषनं मांडीवरचा फोन उचलून टेबलावर ठेवला आणि सरदाराला चालवायला लागला. उत्तराला हसू आलं नाही, रागही आला नाही. जे आलं ते दाण्यांच्या मुठीत एखादा खवट दाणा निघावा तसं होतं. थुंकावं तर घर आपलंच.

"देवगाव फाटा विसरलास का?" ती म्हणाली.

"आपल्याला काय माहिती त्यांच्या घरातलं," पियुष पडद्याकडे पाहतच म्हणाला. "एखाद्या वेळेस होतं माणसाचं. लग्न झाल्यावर सुधारतात. आपण कशाला बिब्बा घालायचा? आणि शिवाय..."

"शिवाय काय?"

"शिवाय तुझी कायमची ऑर्डर निघायची आहे जूनमध्ये," असं म्हणून त्यानं कानावर हेडफोन चढवले. विषय संपला. चौकशी ही आपल्याकडे अशीच होते हे तिला काय माहीत नव्हतं? पोरगी द्यायची म्हटलं की लोक चार ठिकाणी फोन करतात, माणसं कशी आहेत म्हणून विचारतात, आणि चारही ठिकाणी माणसं चांगलीच असतात. परभणीत कधी कुठलं स्थळ वाईट निघाल्याचं कुणी ऐकलं आहे का? दारू पिऊन गटारात पडलेल्याचीही चौकशी केली तर तो जरा मोकळ्या स्वभावाचा निघतो. नर्मदाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, तर यावर शास्त्र सांगायच्या. जुळत्या लग्नात बिब्बा घालणाऱ्याच्या घरात पाळणा हलत नाही. हे सांगताना त्या उत्तराच्या पोटाकडे अशा बघायच्या की जणू तिनं चार वर्षांत अर्ध्या मराठवाड्याची लग्नं मोडली असावीत. आणि तिचं स्वतःचं लग्न तरी कसं ठरलं होतं? तिच्या वडिलांनीही केलाच होता फोन कुणालातरी. त्या कुणीतरी सांगितलं होतं, पोरगा निर्व्यसनी आहे, शांत आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते ऐकून घरात पेढे वाटले होते. त्या सांगणाऱ्यानं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं, हीच तर गंमत. पियुष कुणाच्याच अध्यात नव्हता आणि मध्यातही नव्हता. एवढी खरी चौकशी जिल्ह्यात दुसरी झाली नसेल.

देवगाव फाट्याला ती दोघंही होती. मागच्या हिवाळ्यात मंठ्याला एका लग्नाला जाऊन मोटारसायकलवर परत येताना हात गारठले म्हणून पियुषनं फाट्यावरच्या हॉटेलापाशी गाडी थांबवली होती. कढईत भजी तळली जात होती. समोर रामकिशनरावांची मोठी पांढरी गाडी होती. रामकिशनराव म्हणजे संस्थेचे सचिव, म्हणजे उत्तराच्या पोटापाण्याचे मालक, म्हणून ती आपसूकच पियुषच्या मागं सरकली. सचिवांच्या पत्नी विजयमालाबाई गाडीतून उतरत होत्या. गुडघे दुखत असावेत, एक पाय खाली, एक आत, हात दाराला. हरिओमला त्या म्हणाल्या, बाळा, जरा हात दे रे. त्यानं हात दिला. आईच्या तोंडावर दिला. आवाज फार मोठा झाला नाही, ताटावर पळी आपटावी तेवढाच. त्याला राग आला होता असंही दिसलं नाही, आणि ते उत्तराला सगळ्यांत भयंकर वाटलं होतं. अंगावर बसलेला डास मारावा तसा त्यानं मारला आणि वळून हॉटेलवाल्याला म्हणाला, मिरची तळून दे सोबत. हॉटेलवाला झारा फिरवत राहिला. रामकिशनराव मोबाइल बघत होते, त्यांनी मोबाइल जरा जवळ धरला. विजयमालाबाईंनी पदर सारखा केला, एकटीनं दुसरा पाय खाली घेतला, आणि मान वर केली तर समोर उत्तरा. "अगं बाई, शाळेतल्या मॅडम ना तुमी?" त्या हसल्या. गालावर चार बोटं उठत होती. "माशी होती," त्या म्हणाल्या. उत्तरानं मान डोलावली. पियुष म्हणाला, "हो, लई माश्या झाल्यात." डिसेंबरच्या त्या थंडीत!

हे वाक्य उत्तरानं त्याला कधीच माफ केलं नव्हतं. सेलूपर्यंत ती त्याच्या पाठीमागे बसून त्या वाक्याकडे बघत आली होती. पुढेही कधी भाजी निवडताना, कधी फळ्यावर तारीख लिहिताना ते तिच्या कानात वाजायचं आणि तिचा ओठ मुरडायचा. हा माणूस. हा आपला नवरा. आपण डोलावलेली मान मात्र तिच्या आठवणीत कुठं लागत नसे, ती थंडीत नुसती हलली असावी. साधनाची मूर्ती तिच्या डोळ्यांपुढं आली. उत्तराच्या लग्नात ही पोरगी बारावीत होती, करवलीसारखी मिरवत होती, हातातून अक्षतांचं ताट पडलं तेव्हा रडण्याऐवजी खो खो हसली होती. मोठमोठ्यानं हसायची सवय. त्या घरात, त्या हाताखाली, ते हसू किती टिकेल? उद्या सकाळी सुपारी फुटली की नातं पक्कं. फुटलेली सुपारी परत जोडता येत नाही, मग जीभ उचलली काय आणि न उचलली काय. आणि हा इथं बसलाय, घंटावाल्याचा साक्षीदार.

साक्षीदार तेवढ्यात हळहळला. "अरे यार!" हेडफोन काढून तो तिच्याकडे वळला, जणू मधला फोन आलाच नव्हता. साक्ष दिल्यामुळे चिडलेल्या उमरावानं पुढे अख्खं गाव पेटवून दिलं होतं, घंटावाल्यासकट. "म्हणजे खरं बोलून वाचलं कुणीच नाही," पियुष म्हणाला, आणि त्याला त्यात काहीतरी मोठं तत्त्वज्ञान सापडल्यासारखं दिसलं. मग त्यानं मागचं सेव्ह, म्हणजे साक्षीआधी जपून ठेवलेला खेळ, उघडलं. गाव पुन्हा उभं राहिलं, छपरं शाबूत, घंटावाला दोरखंडात. या वेळी दुसरी ओळ दाबली. मला काही माहीत नाही. म्हाताऱ्याला लटकवलं, घोडा राहिला, गाव राहिलं. हे फार वेळ त्याला बघवलं नाही म्हणे, म्हणून त्यानं तिसऱ्यांदा मागचं सेव्ह उघडलं आणि सगळ्यांना परत त्या दोन ओळींपाशी आणून ठेवलं. "विचार करतो," तो म्हणाला. "तोवर आंबे घेऊन येतो. स्टेशनसमोर गाडे लागलेत." पिशवी घेऊन, पायरीवर चपला शोधून, तिला "थंड पाणी भरून ठेव" असं सांगून सरदार आंब्यांच्या मोहिमेवर निघाले. किती सोयीचं होतं त्याचं! मेलेलं परत उठवायचं, जळलेलं परत शाकारायचं, आणि दोन्हीकडून आपणच चांगले निघायचं. पाप करून बघायचं, पुण्य करून बघायचं, आणि आवडलं नाही तर आंबे आणायला जायचं.

घर शांत झालं. कूलरची पाण्याची मोटर तेवढी घरघरत होती. उत्तरा उठून त्याच्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून गरम होती, ते तिला आवडलं नाही. पडद्यावर गावकरी एकाच जागी उभे राहून श्वास घेत होते, त्यांच्या छात्या वरखाली होत होत्या. घंटावाला तिच्याकडे बघत होता. किती दिवस हा म्हातारा असा ताटकळत उभा आहे, आणि आमचे हे आंबे आणायला गेलेत. तिनं विचार केलाच नाही. विचार कसला करायचा त्यात? पाहिलं तर पाहिलं. तिनं पहिली ओळ दाबली. म्हातारा सुटला, घोडा गेला. तिला रडू वगैरे काही आलं नाही, फक्त छातीत मोकळं वाटलं आणि पाठीचा कणा आपोआप सरळ झाला. हे एवढं सोपं होतं. यासाठी त्या माणसानं आठवडा घालवला! त्याच मोकळेपणात, खुर्चीतून न उठता, तिनं आपला फोन घेऊन साधनाला लावला.

साधनानं पहिल्याच रिंगला उचलला. मागे भांड्यांचा, बायकांच्या बोलण्याचा आवाज होता, उद्याची तयारी चाललेली. "बोला वहिनी."

"साधना, ऐक," उत्तरा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा ठाम निघाला. "त्या मुलाशी लग्न करू नकोस. त्यानं आईवर हात उचललेला मी पाहिलाय. भर रस्त्यात. माझ्या डोळ्यांनी."

साधना दचकली नाही. ती चालत कुठंतरी बाजूला गेली असावी, भांड्यांचा आवाज लांब गेला. "वहिनी, आमाला बी वास आलाय," ती खाली आवाजात म्हणाली. "सेलूकडून दोघांतिघांनी आडून आडून सांगितलं. पण नाव घेऊन कुणीच बोलेना. पप्पांना बी हे स्थळ नकोच हाय. पण रामकिशनराव मोठा माणूस, त्याला नाही म्हणायचं तर कामून नाही ते सांगावं लागतंय ना. पप्पा म्हणायलेत, आपल्यातलं एक माणूस म्हणू दे, मी पाहिलं, देऊ नका, की मी उद्या त्यांना दारातून वापस लावतो. कुणाच्या तरी नावावर नाही म्हणता येतं वहिनी. हवेवर कसं म्हणायचं? म्हणून तर दादाला तीनदा इचारलं पप्पांनी."

तीनदा. माणसं कशी हायत, पोरगा कसा हाय, तुजी खात्री हाय का. उत्तराला काकांचं ते थांबणं आठवलं, ते दोनदा म्हटलेलं बरं. ज्याला पोरगी द्यायची असते तो एकदा विचारतो आणि पेढे आणायला पळतो. मास्तर वर्गात एखाद्या पोराला उत्तर यावं म्हणून प्रश्न फिरवून फिरवून विचारतात तसं काका विचारत होते, आणि पियुष त्यांना हाव म्हणत होता. तिच्या अंगातून पियुषबद्दलची शिसारी सणसणत गेली.

"तुमी बोललात, लय उपकार झाले," साधना म्हणत होती. तिच्या आवाजात आता ते जुनं हसू यायला लागलं होतं. "थांबा, पप्पांकडं देते. तुमच्याच तोंडानं सांगा त्यांना."

"अगं, नको, तूच सांग ना. माझं नाव कशाला..."

पण फोन चालत निघाला होता. भांडी जवळ आली, बायका जवळ आल्या, कुणीतरी सुपाऱ्या चांगल्या बघून निवडायला सांगत होतं. मग काकांचा खाकरलेला घसा. "बोला सूनबाई. साधनी म्हणायली, तुमाला काहीतरी सांगायचंय. बिनघोर बोला. तुमी सांगाल ते मी उद्या तुमचं नाव घेऊनच त्यांच्या तोंडावर सांगन. चोरून सांगण्यात मतलब न्हाई, आपल्याला काय कुणाची भीती हाय का? बोला. माणसं कशी हायत?"

फाटकाची कडी वाजली. पियुष आंब्यांची पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा राहिला, घामानं निथळलेला, आणि तिला आपल्या खुर्चीत बघून थबकला. स्पीकर चालू नव्हता, तरी खोलीच्या शांततेत काकांचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला असावा, कारण त्यानं पिशवी खाली ठेवली नाही. तो हलला नाही, बोलला नाही, नको अशी खूणही केली नाही. नुसता उभा राहिला, कढईतला झारा फिरवणाऱ्या माणसासारखा. तो काहीतरी करेल, फोन हिसकावेल, डोळे मोठे करेल, अशी तिनं वाट पाहिली. म्हणजे मग त्याच्या नाकावर टिच्चून बोलता आलं असतं. पण तो कुणाच्या अध्यात नव्हता. तिला स्टाफरूम दिसली. जूनमधला पहिला दिवस, हजेरीच्या मस्टरवर आपलं नाव नसलेला. रामकिशनराव चष्म्यावरून बघतायत, काय मॅडम, आमच्या हरिओमला तुम्ही पाहिलं म्हणे. सहा वर्षं बिनपगारी नि अर्धपगारी घासलेली. आणि सगळ्या परभणीत, लग्न मोडणारी बाई म्हणून. समोर पडद्यावर घंटावाला कधीचा सुटून मोकळा फिरत होता.

"सूनबाई? माणसं कशी हायत?"

"चांगली आहेत काका."

काकांनी घसा खाकरला. "आन पोरगा?"

"पोरगाही चांगला आहे."

"साधनी तर काय दुसरंच सांगायली."

"तिचा काहीतरी गैरसमज झाला काका. मी दुसऱ्या कुणाचं सांगत होते."

"तुमची खात्री हाय म्हणा की."

"हो."

"बरं," काका म्हणाले. दुसऱ्यांदा बरं म्हणाले नाहीत. फोन बंद व्हायच्या आधी ते घरात कुणालातरी म्हणाले ते तिला स्वच्छ ऐकू आलं, "काढा सुपाऱ्या." साधना मागे काही म्हणाली का, ते ऐकायला ती कान देऊन राहिली, पण फोन केव्हाच कापला गेला होता.

ती खुर्चीतून उठली. पियुषनं आंबे बादलीत टाकले, पाणी सोडलं, हात पुसत आला आणि आपल्या जागी बसला. पडद्याकडे बघून म्हणाला, "तू हात लावलास का?" ती पलंगावरचे पेपर गोळा करायला लागली. "घोडा गेला ना माझा." मग तिच्याकडे वळून, इतक्या मायेनं की चार वर्षांत तिनं तो आवाज ऐकला नव्हता, म्हणाला, "जाऊ दे गं. मागचं सेव्ह आहे." आणि त्यानं ते उघडलं. घंटावाला पुन्हा दोरखंडात येऊन उभा राहिला. पियुषनं त्याला तसाच ठेवला, उठून आंबे कापायला घेतले, एक फोड बशीत घालून तिच्यापुढं धरली. तिच्याबरोबर बसून आंबा खायला आज त्याला फार बरं वाटत होतं, हे त्याच्या हालचालींतून दिसत होतं. दोघांत आता कसलाच परकेपणा नव्हता. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो थांबला.

"काय झालं गं? गालाला काय लागलं?"

तिचा हात गालावर कधी गेला होता तिला कळलं नव्हतं. गाल ओला लागला. तिनं ओढणीनं गाल पुसला आणि ओढणी सारखी केली.

"काही नाही," ती म्हणाली. "माशी होती."

पियुषनं कोयीला लागलेला गर ओढला आणि मान डोलावली.

"हो, लई माश्या झाल्यात."